पिशवी

बांबोळीला पहिल्यांदा गेले तेव्हा मी दहा वर्षांची,
सरकारी मराठी शाळेत चौथीत,
आणि आमच्या खोलीत
कागद वाचता येणारी एकटीच.

झुआरीनगरहून पहाटेची बस.
याडीच्या मांडीवर कापडी पिशवी,
आरशांचे तुकडे लावून तिनेच शिवलेली.
आत दोन भाकऱ्या, केसपेपर
आणि विजापूरकडच्या तांड्यावरून आणलेलं,
इथे कुठेच न चालणारं रेशनकार्ड.

डॉक्टरबाई घाईत होत्या.
म्हणाल्या, तिला सांग, पिशवी काढावी लागेल.
मी सांगितलं.
याडीने पिशवी छातीशी धरली.
म्हणाली, हिला सांग, यात काही नाही, भाकरी आहे.
मी तेही सांगितलं.

नर्स हसल्या. मीही हसले,
मोठी माणसं हसत होती म्हणून.
मग बाईंनी केसपेपरच्या मागे
पेनने एक चित्र काढलं.
दोन बाजूंना दोन शिंगं.
मी याडीला म्हटलं, तुझ्या पोटात बैल आहे,
तो काढणार आहेत.
ती खूप वेळ चित्राकडे बघत राहिली,
मग अंगठा पुढे केला.

त्यानंतर गल्लीतलं जो तो मला न्यायला लागला.
रुपलाकाकाची लघवी,
होन्नव्वाचं पोटातच गेलेलं दुसरं मूल,
गोदीत रंगकाम करणाऱ्या भावाचा खोकला.
मला सगळ्यांच्या आतलं माहीत.
शाळा बुडायची, पण बाकावर बसून
मी एक नवा विषय शिकले:
शब्द कुठून कापायचा.
डॉक्टर म्हणाले, सहा महिने औषध, एक दिवस चुकवायचं नाही.
मी भावाला म्हटलं, थोडे दिवस.
तो थोडेच दिवस घेत राहिला.

(हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

रांगेत मागून कुणी म्हणालं, घाटी सगळे,
ते मात्र मी
कुठल्याच भाषेत नेलं नाही.
माझ्यापाशीच ठेवलं.

आता सतरा. बारावी, वास्कोत.
कारखान्याचा रात्रीचा भोंगा वाजतो
आणि त्याआधीच मी जागी असते.
हाताला मुंग्या. छातीत कुणी तरी
बंद खोलीचं दार ठोठावत असल्यासारखं.
प्रॅक्टिकलला ब्युरेट सुटून फुटलं,
तेव्हा मॅडम ओरडल्या नाहीत.
चिठ्ठी लिहून दिली: बांबोळी, अमुक विभाग,
सोबत घरचं कुणी तरी हवं.

दडपण. चिंता. अस्वस्थता.
निबंधात हे शब्द मी बरोबर वापरले आहेत.
घरी स्टोव्हपुढे बसून
आमच्या बोलीत शोधत राहिले.
याडी पीठ मळत होती. शेवटी म्हटलं,
बैल आहे. छातीत.

तिचे हात थांबले.
काढणार का?
नाही, म्हटलं, बहुतेक नुसतं विचारतील.
विचारून जातो?
माहीत नाही.
ती पुन्हा मळायला लागली, मग म्हणाली,
मला एक वाक्य शिकव.

कुठ्ठाळीपासून पुलापर्यंत
तिने ते वाक्य घोळवलं.
पुलावर गप्प झाली, खाली जुवारीत
खनिजाची रिकामी बार्ज उभी होती.
आगशी आली तशी पुन्हा सुरू.
शेजारची बाई वळून वळून बघत होती.

खिडकीवर मी सवयीने पुढे झाले.
तिने मला कोपराने मागे सारलं.
तीच पिशवी, आरसे बरेचसे गळालेले.
आतून चिठ्ठी काढून ठेवली
आणि काचेपलीकडच्या माणसाला
मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली:

माझा छोरी. हिला झोप येतो नाही.

त्याने मान वर केली.
नाव?
सेवंती, ती म्हणाली.

वाक्यात दोन चुका होत्या.
मी दुरुस्त केल्या नाहीत.